पाळी आणि पदर

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारात ‘मल्टिप्लेक्स’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिनेमागृह उभं राहतं. ‘डुप्लेक्स’ म्हटलं की वर-खाली मजल्यांचं घर. आमच्याकडच्या जागांच्या जाहिरातींत हा शब्द इतका मुरला आहे की त्याला आता कुणी परका मानत नाही. ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे दुकानांच्या गाळ्यांची इमारत. तिन्ही शब्द आपल्या तोंडी बसले ते बांधकामाच्या वाटेनं. पण त्यातले ‘डुप्लेक्स’ आणि ‘मल्टिप्लेक्स’ त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच, तारायंत्राच्या खोलीत कामाला लागले होते. आज घरोघरी पोचलेल्या फायबरच्या पोटात ते तेच काम करत आहेत. एकाच वाटेनं अनेकांचे निरोप न्यायचे आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हे ते काम. अभियंते त्याला ‘मल्टिप्लेक्सिंग’ म्हणतात.

मराठीत त्याला काय म्हणावं, हा आजचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. या एका इंग्रजी शब्दात दोन अगदी वेगळ्या कल्पना कोंबलेल्या आहेत, आणि वऱ्हाडातल्या साध्या माणसाच्या बोलण्यात त्या दोन्हींसाठी दोन नेमके शब्द केव्हाचे आहेत.

आधी ‘प्लेक्स’चं घराणं पाहू. लॅटिनमध्ये ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणं आणि ‘प्लेक्टेरे’ म्हणजे वेणी घातल्यासारखं गुंफणं. दोन्ही एकाच जुन्या धातूची लेकरं. ‘मल्टि’ म्हणजे पुष्कळ. म्हणून मल्टिप्लेक्स म्हणजे पुष्कळ घड्यांचं, डुप्लेक्स म्हणजे दोन घड्यांचं आणि कॉम्प्लेक्स म्हणजे एकत्र गुंतलेलं. गुणाकार करणं या अर्थाचा इंग्रजी ‘मल्टिप्लाय’ याच घरातला. तिकडच्या माणसानं घड्या मोजता मोजता गुणाकार गाठला.

आपल्याकडे तो गाठला दोराच्या पेडांवरून. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोराचा एक पेड. धनुष्याची दोरी गुण, वीणेची तारही गुण. द्विगुण म्हणजे दोन पेडांचा, त्रिगुण म्हणजे तीन पेडांचा, आणि तिथून पुढे द्विगुण म्हणजे दुप्पट, त्रिगुण म्हणजे तिप्पट. सांख्यांचे सत्त्व, रज, तम हे तीन गुणसुद्धा जिवाला बांधून ठेवणाऱ्या दोराचे तीन पेड म्हणून समजावले जातात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गुणाकाराच्या रीती सांगितल्या, तोवर या शब्दातला दोर दिसेनासा होऊन संख्या तेवढी उरली होती. अक्षराला अक्षर लावून भाषांतर करायचं तर ‘मल्टिप्लेक्स’ला संस्कृत प्रतिशब्द ‘बहुगुण’ होतो, आणि तो अगदी चोख आहे. पण ‘बहुगुणी’ म्हटलं की आज आपल्याला आवळा आणि हिरडा आठवतो. तो शब्द आयुर्वेदाकडे कायमचा गेला, त्याला परत बोलावण्यात अर्थ नाही.

आता ज्याच्या आत हे सगळं घडतं त्या तंतूकडे वळू. शालेय आणि तांत्रिक मराठीत ‘प्रकाशीय तंतू’ म्हणतात, लोक नुसतं ‘फायबर’ म्हणतात. लॅटिन ‘फिब्रा’चा अर्थ तंतूच. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करण्याचं श्रेय पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींना दिलं जातं. आपला ‘तंतू’ आला आहे ‘तन्’ या धातूपासून, म्हणजे ताणणं. या एका धातूचा गोतावळा थक्क करणारा आहे. तंतू, तनू म्हणजे बारीक, ताण, गवयाची तान, मागावरचा ताणा, बाजाराच्या दिवशी लागणारा माणसांचा तांता, संतती, सातत्य. आणि ‘तंत्र’! तंत्र म्हणजे मुळात माग, मागावर ताणलेलं उभं सूत. पुढे त्याचा अर्थ रचना, पद्धत, कौशल्य असा पसरत गेला आणि शेवटी ‘तंत्रज्ञान’ झाला. तंतू आणि तंत्रज्ञान हे दोन शब्द एकाच मागावरून उतरले आहेत, ही गोष्ट कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला तरी माहीत हवी.

कापसाचा विषय निघालाच आहे तर एक माप सांगतो. कापसाचा एक सुटा तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो सुमारे ९ मायक्रॉनचा, आणि त्याभोवतीच्या काचेसकट तंतूची जाडी १२५ मायक्रॉन. म्हणजे अकोल्याच्या बाजारात येणाऱ्या कापसाच्या एका तंतूपेक्षाही प्रकाशाची ही वाट बारीक आहे. असा काचेचा तंतू आपल्याच राज्यात, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला, स्टरलाइट कंपनीच्या कारखान्यात ओढला जातो.

लोकांनी ‘फायबर’ला दिलेलं लिंगही ऐकण्यासारखं आहे. रस्त्यावर काम करणारी पोरं म्हणतात, ‘फायबर तुटली, जोडून राह्यलो.’ डॉक्टर मात्र सांगतात, ‘जेवणात फायबर वाढलं पाहिजे.’ शब्द एकच, पण खाण्यातलं ते फायबर नपुंसकलिंगी आणि खांबावरची ती फायबर स्त्रीलिंगी. तार ती, वायर ती, केबल ती, लाइन ती. त्या बहिणींच्या रांगेत फायबरही जाऊन बसली. मराठी माणसाला व्याकरण कुणी शिकवलेलं नसलं तरी नात्यागोत्याची ही समज त्याच्या कानात असते.

‘केबल’ची कुळकथाही शेतकऱ्याच्या जवळची आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कापुलुम’ म्हणजे गुरं धरायचा दोर. आपण त्याला दावं किंवा कासरा म्हणतो. धरणं या अर्थाच्या धातूवरून तो शब्द आला, जहाजावर जाऊन जाड दोर झाला आणि तारांच्या जुडग्याचं नाव होऊन परतला. फायबर जोडण्याला जे ‘स्प्लायसिंग’ म्हणतात, तेही खलाशांचंच. दोन दोरांची टोकं उकलून त्यांचे पेड एकमेकांत विणायचे, याला डच भाषेत ‘स्प्लिसन’ म्हणत. आज विजेच्या ठिणगीनं काचेची दोन टोकं वितळवून एकजीव करतात, विणण्याचा त्यात मागमूस नाही. नाव मात्र दोराचंच राहिलं.

‘तार’ या शब्दाला वऱ्हाडात वेगळं वजन होतं. फारसीत तार म्हणजे धागा. सतारीच्या नावातला तार तोच, मूळच्या तीन तारांचा. मराठीत तार धातूची झाली, पाकाची झाली (एकतारी, दोनतारी), आणि मग निरोपाचंच नाव झाली. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. त्याच वर्षी लॉर्ड मेयोनं खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. लिव्हरपूलच्या कापसाचा भाव आता जहाजाची वाट पाहत नव्हता. तो तारेनं येई, आणि त्यावर इथले सौदे हलत. घरोघरच्या माणसांना मात्र तार म्हणजे बहुधा वाईट बातमी. ‘तार आली’ एवढं ऐकलं तरी बायका पदर डोळ्यांना लावत. २०१३ च्या जुलैमध्ये सरकारनं तारसेवा बंद केली.

पण आपल्या विषयाचं बीज या तारेतच पडलं. तार टाकणं महाग, आणि एका वेळी तिच्यावरून एकच निरोप जाई. मग एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्हीकडून निरोप पाठवण्याची युक्ती निघाली, तिला ‘डुप्लेक्स’ म्हणू लागले. १८७४ मध्ये एडिसननं दोन इकडून आणि दोन तिकडून असे चार निरोप एका तारेवर बसवले, ते ‘क्वाड्रुप्लेक्स’. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एमिल बोदोनं वेगळाच मार्ग काढला. त्यानं तारेला एक फिरता वाटप्या जोडला. अनेक तारमास्तर आपापल्या यंत्रापाशी बसत, आणि तो वाटप्या फिरत फिरत एकेकाला क्षणभर तार देई. ज्याचा क्षण आला त्यानंच आपलं अक्षर सोडायचं, म्हणून हात लयीत ठेवावा लागे. संदेशाचा वेग मोजण्याचं ‘बॉड’ हे एकक त्याच्याच नावावरून पडलं.

अमेरिकेत ग्रॅहम बेल तिसऱ्याच वाटेला लागला होता. एका तारेवर वेगवेगळ्या उंचीचे सूर एकाच वेळी सोडायचे, पलीकडे प्रत्येक सुरासाठी जुळवलेली पट्टी ठेवायची, म्हणजे जिचा सूर तीच थरथरेल. अशानं जितके सूर तितके निरोप जातील, अशी त्याची कल्पना होती. या खटपटीतून १८७६ मध्ये टेलिफोन निघाला. पेटंटवर नाव आहे ते तारायंत्रातील सुधारणा असं. इंग्रजी ‘टोन’ ग्रीक ‘तोनोस’वरून, म्हणजे ताणणं, आणि आपली ‘तान’ त्याच धातूची. बेल तारेवर ताना चढवू पाहत होता, असं म्हटलं तर ते व्युत्पत्तीनंही खरं ठरतं.

म्हणजे मार्ग दोन. बोदोचा मार्ग वेळ वाटून देण्याचा, बेलचा मार्ग सूर वेगळे ठेवण्याचा. इंग्रजीनं दोन्हींना ‘मल्टिप्लेक्सिंग’च म्हटलं आणि फरक दाखवायला पुढे लांबलचक विशेषणं लावली. मराठीला तशी गरज नाही, असं मी म्हणतो ते इथे.

पहिल्या मार्गाचं नाव ‘पाळी’.

संस्कृत ‘पालि’ म्हणजे कड, काठ, तसंच ओळ. कानाच्या खालच्या कडेला आपण कानाची पाळी म्हणतो, त्यात तो जुना अर्थ तसाच जपला आहे. ओळ म्हटली की एकामागून एक उभं राहणं आलं, आणि उभं राहिलं की आपला क्रम येणं आलं. बाईच्या महिन्याच्या क्रमाला हाच शब्द, कामगाराच्या रात्रपाळीला हाच शब्द. वऱ्हाडात तर शेतीच या शब्दावर चालते. पेरणीआधी रानाला वखराच्या पाळ्या द्यायच्या. कालव्याचं पाणी आलं की ओलिताची पाळी लागते. पंपाच्या थ्री फेज लाइनीची पाळी एका आठवड्यात दिवसा येते तर पुढच्या आठवड्यात मध्यरात्री, आणि मग शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात वावरात जातो. साधन एक, घेणारे अनेक, प्रत्येकाला ठरलेला वेळ आणि त्या वेळात साधन पूर्णपणे त्याचं: ‘पाळी’ या शब्दाचा हाच अर्थ आहे. बोदोच्या यंत्राचाही तोच.

टेलिफोनच्या जगात पाळीचं काम कसं चालतं ते पाहा. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात. दोन मापांमधलं अंतर १२५ मायक्रोसेकंद. तेवढ्या अंतरात एका वाहिनीवर ३२ पाळ्या बसवतात, त्यातल्या ३० बोलण्यासाठी आणि उरलेल्या २ जुळवणी आणि संकेतांसाठी. प्रत्येक पाळीला ६४ किलोबिट, सगळ्या मिळून सेकंदाला २,०४८ किलोबिट. भारतात आणि युरोपात हेच माप चालत आलं. ट्रंक कॉल लावून माणसं तासन्‌तास पोस्टात आपल्या पाळीची वाट पाहत बसत, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. पाळी संपली नाही, ती माणसाकडून यंत्राकडे गेली आणि सेकंदात ८,००० वेळा येऊ लागली.

घरात फायबर आली तरी पाळी आहेच. खांबावरच्या पेटीत एका तंतूचे ३२ किंवा ६४ फाटे होतात. त्या फाट्याला वीज लागत नाही, प्रकाश नुसता वाटला जातो, आणि भारनियमन भोगलेल्या भागात ही मोठी सोय आहे. केंद्राकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो सगळ्या घरांत सारखाच पोचतो, आणि प्रत्येक घरातला डबा त्यातलं फक्त आपलं, कुलूपबंद करून पाठवलेलं, उचलतो. परत जाताना मात्र ३२ घरं एकाच तंतूवर एकदम बोलली तर गोंधळ होईल. म्हणून परतीचा प्रकाश, १३१० नॅनोमीटरचा, प्रत्येक घरानं आपापल्या पाळीलाच सोडायचा. यातही एक अडचण आहे. कुणाचं घर केंद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, कुणाचं दहावर. पाळी पाळूनही दूरच्याचा प्रकाश उशिरा पोचून दुसऱ्याच्या पाळीत घुसेल. म्हणून केंद्र आधी प्रत्येक घराचं अंतर मोजतं आणि ‘तू इतका वेळ थांबून बोल’ असं त्याला सांगून ठेवतं. या पाळ्यांचं चक्र पुन्हा १२५ मायक्रोसेकंदांचंच आहे. टेलिफोनचा तो जुना ठेका काचेच्या तंतूतही सुटलेला नाही.

दुसऱ्या मार्गाचं नाव ‘पदर’, आणि या शब्दावर माझा विशेष जीव आहे. पदर साडीचा, हे पहिलं. पण पदर म्हणजे थर, पेडही. चांगल्या घडीच्या पोळीला पदर सुटतात. शिवायला दोनपदरी दोरा घेतात, ओझ्याला तीनपदरी दोर लागतो. आणि रस्ता चौपदरी होतो! सरकारी कागदांत ‘मार्गिका’ हा शब्द आहे, तरी ‘चौपदरी’ आणि ‘चौपदरीकरण’ या शब्दांना तो हटवू शकला नाही. अमरावती-अकोला महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत १०५ तास ३३ मिनिटं अखंड काम करून ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण झालं आणि त्याची गिनिज विक्रमात नोंद झाली. त्याच वेळी हेही सांगितलं गेलं की हे ७५ किलोमीटर म्हणजे दुपदरी रस्त्याचे साडेसदतीस किलोमीटर. लांबी आणि पदर यांचा असा गुणाकार आपल्याकडे वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात करतो. फायबरमध्ये एकाच तंतूत अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश सोडतात तेव्हा हाच हिशेब असतो: रस्ता नवा खणायचा नाही, पदर वाढवायचे.

कुणी हरकत घेईल की रस्त्याचे पदर शेजारी-शेजारी असतात, आणि तंतूतले रंग तर त्याच ९ मायक्रॉनच्या गाभ्यात, एकाच जागी, एकत्र धावतात. हरकत रास्त आहे. पण तिचं उत्तर मराठीनं आधीच देऊन ठेवलं आहे. ‘या वाक्याला अनेक पदर आहेत’ असं आपण म्हणतो. तिथे पदर शेजारी-शेजारी नसतात. शब्द तेच, जागा तीच, आणि त्यातच दोन-तीन अर्थ एकमेकांना धक्का न लावता नांदतात. ज्याची समज जशी जुळलेली, त्याला तो पदर कळतो. प्रकाशाचे रंग तंतूत असेच नांदतात. दोन प्रकाशलहरी एकमेकींतून जातात आणि पुढे जशाच्या तशा निघतात. प्रकाश फार तीव्र झाला तर काचेत त्या एकमेकींत थोड्या मिसळू लागतात, म्हणून त्याची तीव्रता मापात ठेवावी लागते. ‘पदर’ या शब्दात शेजारपणही आहे आणि एकत्र असणंही. ‘मार्गिके’त ते नाही आणि ‘वाहिनी’तही नाही.

हे पदर किती असतात? १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यात ४०, ८०, ९६ असे बसवतात. ८० पदर, प्रत्येकावर सेकंदाला १०० गिगाबिट, म्हणजे एका तंतूतून सेकंदाला ८ टेराबिट. हे साधलं ते दोन गोष्टींमुळे. पहिली काचेची शुद्धता. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लिहिलं की काच इतकी शुद्ध करता आली की एका किलोमीटरमध्ये प्रकाशाची घट २० डेसिबलवर आली, तर तिच्यातून संदेश नेता येईल. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरणं. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी १७ डेसिबल गाठलं. आज ही घट किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल आहे. म्हणजे १९६६ मध्ये जितकी घट एका किलोमीटरला चालली असती, तितकी आज अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत होते. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट एर्बियम या धातूचा अंश मिसळलेला तंतू. पूर्वी दमलेला प्रकाश मध्येच थांबवून त्याची वीज करायची, ती सुधारायची आणि पुन्हा प्रकाश करायचा, असं चाले, आणि ते प्रत्येक रंगासाठी वेगळं. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियमच्या तंतूतून प्रकाश प्रकाशातच वाढवून दाखवला. त्यातून सगळे पदर एकदम ताजे होतात. या शोधानंतरच पदर वाढवणं परवडू लागलं.

इथे ‘वेग’ या शब्दाबद्दल दोन वाक्यं लिहायलाच हवीत. ‘आमच्या नेटला स्पीड नाही’ असं आपण म्हणतो, पण काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, मग आपण कुठलीही योजना घेतलेली असो. अकोला-अमरावती हे सुमारे शंभर किलोमीटरचं अंतर तो अर्ध्या मिलिसेकंदात कापतो. वाढते ती दाटी. सेकंदाला १० गिगाबिटच्या हिशेबानं एक बिट काचेत दोन सेंटिमीटर लांबीचा असतो. म्हणजे एका क्षणी या दोन शहरांच्या मध्ये, एका पदरावर, ५० लाख बिट वाटेत असतात. ८० पदरांवर ४० कोटी. जाहिरातीतला ‘हायस्पीड’ हा शब्द या दाटीचं मोजमाप सांगतो, प्रकाशाच्या धावेचं नाही. मराठीत त्याला ‘जलदगती’ न म्हणता ‘दाट वहन’ म्हटलं तर विद्यार्थ्याची एक गैरसमजूत मुळातच टळेल.

रंगांचंही असंच आहे. केबल उघडली की आत तंतू दिसतात निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळा, याच क्रमानं बारा. जोडणी करणाऱ्या पोरांना तो क्रम तोंडपाठ असतो. पण ते रंग तंतूच्या अंगावरच्या लेपाचे, ओळख पटावी म्हणून दिलेले. आतले रंग अवरक्त, डोळ्यांना न दिसणारे. म्हणूनच चालू तंतूच्या टोकाकडे कधी पाहू नये. काही दिसणार नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते. ‘पदर’ शब्द वापरला तर हा गोंधळ टळतो: रंग तंतूचा, पदर प्रकाशाचा.

हिंदीच्या पारिभाषिक लेखनात मल्टिप्लेक्सिंगला ‘बहुसंकेतन’ म्हणतात, आणि मराठीत लिहिणारेही कधीकधी तोच उचलतात. मला तो शब्द नको वाटतो. पुष्कळ संकेत आहेत एवढंच तो सांगतो. ते एकमेकांपासून वेगळे कसे राखले, हे सांगत नाही. मग ‘कालविभागी बहुसंकेतन’, ‘तरंगलांबीविभागी बहुसंकेतन’ अशी नावं जन्मतात, परीक्षेपुरती पाठ होतात आणि निकालानंतर विसरली जातात. ‘बहुपाळी वहन’ आणि ‘बहुपदरी वहन’ म्हणा. ज्यानं ओलिताची पाळी धरली आहे आणि चौपदरी रस्ता पाहिला आहे, त्याला निम्मा धडा नावातच कळेल. पाळ्या आणि पदर दोन्ही एकाच तंतूत वापरता येतात, तसे वापरतातच, आणि हेही या दोन शब्दांत सरळ सांगता येतं: प्रत्येक पदराच्या आत पाळ्या.

देशभरातल्या ग्रामपंचायतींना तंतूनं जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून ती ‘भारतनेट’ नावानं ओळखली जाते. केबल गावात पोचली की ती सांभाळणारी, तुटल्यावर खड्ड्यात उतरून जोडणारी मुलं त्या तालुक्यातलीच असतात. ती रोज नवी मराठी घडवत आहेत. कुठे जोडाला ‘जॉइंट’ म्हणतात, कुठे ‘सांधा’. तुटीचं अंतर सांगणाऱ्या यंत्रावरचा आकडा वाचण्याला कुणी ‘मीटर पकडणं’ म्हणतं. हे शब्द कुणीही लिहून घेत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या तोंडचे शब्द त्यांनी ज्यांनी ते ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहिले. त्याच रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. माझी त्या विद्यापीठाला, तसंच अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकांना विनंती आहे: परिभाषेचा नवा कोश टेबलापाशी बसून रचण्याआधी एकदा या मुलांकडे जा, खांबाखाली उभे राहा, त्यांचे शब्द म्हाइंभटांच्या रीतीनं टिपून घ्या. आणि पुढच्या वर्षी वर्गात फळ्यावर हा धडा लिहाल, तेव्हा ‘पाळी’ आणि ‘पदर’ हे दोन शब्द वापरून पाहा.